खाणीची शिट्टी

पाथरगाव नावाच्या गावात बास्केटबॉल शिकवणारे एक सर होते. त्यांचं नाव हणमंत बोंद्रे. शाळेच्या मुलींचा संघ त्यांच्या हाताखाली होता. सर मेहनती होते, यात वाद नाही. सणावारालासुद्धा ते मैदानावर हजर असत. खोड एकच होती. आपण सांगितल्याशिवाय कुणी पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे.

सरांनी हल्ल्याच्या चाली बसवल्या होत्या आणि प्रत्येक चालीला शिट्टी नेमून दिली होती. एक आखूड शिट्टी झाली, की चेंडूवालीने पास देऊन लगेच रिंगकडे घुसायचं. दोन झाल्या, की एकीने समोरच्या खेळाडूच्या वाटेत घट्ट उभं राहायचं आणि दुसरीने तिच्या आडून निसटायचं. लांब शिट्टी झाली, की सगळ्यांनी पलीकडच्या रिंगकडे धूम ठोकायची. सामन्यात शिट्टी पंचांची असते, तेव्हा तिथे सर बोटांनी खुणा करत. पण सरावात शिट्टी एकदा पायांत मुरली, की डोक्याला काही काम उरत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. "विचार मी करीन, तुम्ही फक्त पळा," असं ते मुलींना सांगत, आणि तेही मोठ्या अभिमानाने.

चाली पक्क्या व्हाव्यात म्हणून ते मुलींच्या डोळ्यांवर ओढण्या बांधून सराव घेत. आधी चेंडूशिवाय, मग चेंडू घेऊन. मैदानात बोलायला सक्त मनाई. नावाने हाक मारण्यात वेळ जातो, म्हणून सर प्रत्येकीला जर्सीवरच्या आकड्याने हाक मारत. कप्तान नसीम मुजावर म्हणजे सात. सगळ्यांत वेगाने पळणारी कादंबरी म्हणजे अकरा. अकराचं खरं नाव काय, असं कुणी विचारलं असतं, तर सर डोकं खाजवत बसले असते.

मैदानाला लागून दगडाची एक जुनी खाण होती. तिचं काम केव्हाच बंद पडलं होतं. खोल कड्याखाली हिरवं पाणी साचलेलं होतं, आणि मधलं तारेचं कुंपण कुणीतरी उपटून नेलं होतं. सरांनी शिट्टी मारली, की खाणीतून तिचा प्रतिध्वनी येई. सरांना त्याचं भारी कौतुक. "बघा, खाणसुद्धा माझं ऐकते," असं म्हणून ते हसत.

एका संध्याकाळी सरांनी एक आखूड शिट्टी मारली. खाणीतून दोन आल्या.

सरांना वाटलं, आपलीच ऐकण्यात चूक झाली. पण मुलींनी दोन शिट्ट्यांची चाल धरली होती. मग आणखी एक शिट्टी आली. ती लांब होती, शेवटी किंचित थरथरणारी. सरांची शिट्टी तेव्हा त्यांच्या छातीवर लोंबत होती. डोळे बांधलेल्या पाचही जणी वळल्या आणि सरांनी कधीच न शिकवलेली एक चाल खेळू लागल्या. नसीमने चेंडू खाणीकडच्या कोपऱ्यात फेकला. त्या कोपऱ्यात कुणीच नव्हतं. चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज आला नाही. क्षणभराने तो कोपऱ्यातून परत आला आणि कादंबरीच्या हातांत अलगद बसला. तिने उडी मारली. चेंडू रिंगमधून पडला.

सरांच्या अंगावर काटा आला. पण चाल मात्र इतकी देखणी होती, की त्यांची नजर हटेना.

सराव संपल्यावर नसीम जवळ आली. "सर, मघाची शिट्टी तुमीच मारलासा न्हवं?" तिने विचारलं. "आवाज जरा येगळा वाटला."

खरं सांगायची हीच वेळ होती. सरांना ते कळतही होतं. पण जिल्हा स्पर्धेत विजेत्या संघाला मिळणारी ढाल त्यांच्या डोळ्यांसमोर आली. वर्षानुवर्षं ती शेजारच्या गावाकडे जात होती. सर म्हणाले, "मग काय तुझ्या आजोबांनी मारली? नवी चाल आहे माझी. गुमान पळायचं, चौकशा करायच्या नाहीत."

सरांचा शब्द, म्हणजे विषय संपला.

सामने सुरू झाले आणि पाथरगावच्या मुली एकामागून एक जिंकत गेल्या. सर बोट वर करत आणि मुली ती चाल खेळत. नसीम त्या कोपऱ्याकडे चेंडू फेकण्याचा नुसता आव आणी. तेवढ्यात समोरच्या संघातल्या दोघी जणी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे धावत आणि हात पसरून उभ्या राहत, जणू तिथल्या कुणाला तरी अडवायचंय. कुणाला, ते त्यांना नंतर सांगता येत नसे. एक मुलगी तर त्या कोपऱ्यात हुंदके देऊन रडली. इकडे रिंगची वाट मोकळी आणि कादंबरीचा गुण पक्का. मुख्याध्यापकांनी सरांची पाठ थोपटली. "ही चाल सुचली कशी हो तुम्हाला?" असं विचारलं. सर लाजल्यासारखं हसले आणि त्यांनी सगळं श्रेय खिशात घातलं.

आता सरावाला ते शिट्टी तोंडात धरत, पण फुंकत नसत. गरजच पडत नसे. खाण शिट्टी मारी आणि मुली पळत. फक्त एक गोष्ट सरांच्या लक्षात येऊ लागली होती. ती चाल रोज थोडी थोडी सरकत होती. आधी ती मैदानाच्या मध्यावरून सुरू व्हायची. मग खाणीकडच्या अर्ध्यात. मग मुलींच्या बुटांचे ठसे मैदानाच्या रेषेबाहेर, गवताच्या कडेपर्यंत दिसू लागले. सरांना रात्री झोप लागेना. जेवण जाईना. तरी सकाळी उठून ते स्वतःची समजूत घालत, की अंतिम सामना झाला की हे बंद करू. माणूस लोभाला मुदत देतो ती अशी.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मुलींनी ओढण्या बांधल्या. वारा पडला होता. खाणीतून एकच शिट्टी आली. लांब, थरथरणारी, आणि अगदी जवळून.

लांब शिट्टी म्हणजे धूम ठोकायची. पाचही जणी पळाल्या. पण पलीकडच्या रिंगकडे नाही. रिंग मागे टाकून त्या थेट खाणीकडे निघाल्या.

सरांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. थांबायची शिट्टी त्यांनी कधी शिकवलीच नव्हती. मुलींचा वेग उलट वाढला. "थांबा!" सर ओरडले. "सात! अकरा! थांबा!" तेवढ्यात खाणीतून हाक आली. "सात. अकरा. पळा." आवाज सरांचाच होता. सरांसारखा नव्हे, सरांचाच, त्याच दटावणीचा. मुली कुणाचं ऐकणार? हाक मारणारा आवाज एक, आकडे तेच, आणि विचार करायला तर त्यांना बंदीच होती.

सर मागे धावले, पण त्यांचं वय झालेलं. कादंबरी सगळ्यांच्या पुढे होती. कडा आता हाकेच्या अंतरावर आला होता.

नसीमच्या पायाखालचं मैदान संपलं आणि गवत लागलं. ती थबकली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने सरांच्या हुकुमाशिवाय ओढणी खेचून काढली. समोर कडा होता. मैदानात बोलायचं नाही, हेही ती विसरली.

"कादे!" ती किंचाळली. "ए कादे, थांब गं! म्होरं खाण हाय! डोळं उघड!"

खाणीला आकडे ठाऊक होते. ही हाक तिला ठाऊक नव्हती, कारण सरांनी ती कधी मारलीच नव्हती. खाण गप्प राहिली. कादंबरी अडखळली आणि गुडघ्यांवर पडली. तिचे हात कड्यावरून खाली लोंबत होते. बाकीच्या तिघींना नसीमने नाव घेऊन एकेक करून थांबवलं. कड्यावरून सुटलेला एक धोंडा खाली गेला. तो पाण्यात पडल्याचा आवाज काही आला नाही.

सर धापा टाकत पोहोचले. ते गवतातच बसले. कादंबरी नसीमला बिलगली होती.

"सर, त्या दिशीची शिट्टी तुमची न्हवती न्हवं?" नसीमने विचारलं.

"नव्हती."

"मग खोटं का सांगितलासा?"

"मला ढाल हवी होती, पोरी," सर म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मग डोळे पुसून त्यांनी कादंबरीला हात जोडले आणि विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

दुसऱ्या दिवशी सामना जिल्ह्याच्या गावी, बंद सभागृहात होता. खाण तिथून कोसभर नव्हे, दिवसभराच्या वाटेवर होती. सरांनी मुलींना एवढंच सांगितलं, "आज मी खुणा करणार नाही. डोळे उघडे ठेवा. एकमेकींना नावाने हाका मारा. चाल चुकतेय असं वाटलं, तर तिथल्या तिथे मोडा." मुलींना हे नवीन होतं. त्या धडपडल्या, एकमेकींवर आपटल्या, पण बोलत राहिल्या. सभागृहात त्यांच्या हाकांचा नुसता कल्ला झाला. शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघांचे गुण सारखे होते आणि चेंडू कादंबरीकडे होता.

तेव्हा ती शिट्टी वाजली. लांब, शेवटी थरथरणारी. पंचांची नव्हती. प्रेक्षकांतल्या कुणाला ती ऐकू आली नाही. पण पाचही मुलींच्या माना ताठ झालेल्या सरांनी पाहिल्या. कादंबरी रिकाम्या कोपऱ्याकडे वळू लागली.

"कादे, हिकडं बघ माझ्याकडं!" नसीम ओरडली.

कादंबरीने बघितलं. चेंडू नसीमकडे आला. नसीमने तो रिंगवर टाकला. रिंगच्या कडेवर तो फिरला आणि बाहेर पडला. पुढच्याच क्षणी समोरच्या संघाने गुण केला आणि ढाल पुन्हा शेजारच्या गावाला गेली.

सरांना हरल्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी मुली मोजल्या. सगळ्या होत्या. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग त्यांचं लक्ष खाली गेलं. बाकावर बसलेले सर केव्हा उठले होते, ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. ते मैदानाच्या रेषेच्या आत उभे होते. तोंड रिकाम्या कोपऱ्याकडे होतं. उजवा पाय पुढच्या पावलासाठी उचललेला होता, आणि तो काही केल्या खाली टेकेना.

नसीम धावत आली. तिने सरांचा दंड घट्ट धरला. "हणमंत सर," ती म्हणाली, "मागं या."

तात्पर्य: विचार न करता हुकूम पाळायला शिकवलेला माणूस हुकूम कुणाचा आहे हे बघत नाही, म्हणून शिकवणाऱ्याने आधी डोळे उघडे ठेवायला शिकवावं, आणि शिष्याच्या प्रश्नाला कधी खोटं उत्तर देऊ नये.