हैबतीची बारा वर्षांची बॅटरी

माळेवाडीत हैबती नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलं ते करायचा. तेवढंच करायचा.

गावाबाहेर रेवतीबाईंची बॅटऱ्यांची प्रयोगशाळा होती. तिथे तो कामाला लागला. आरोग्य केंद्रातल्या लशीच्या फ्रिजसाठी बॅटरी हवी होती. गावात वीज सारखी जायची, लस नासायची आणि नर्स जनाक्का देवाला बोल लावायच्या. बॅटरी किती टिकेल हे बघायला वर्षं जातात. रेवतीबाईंकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा संगणक होता. थोडे दिवस वापरलेल्या बॅटरीच्या नोंदी पाहून तो तिचं आयुष्य सांगायचा.

हैबतीने त्याला फक्त चांगल्या बॅटऱ्यांच्या नोंदी दिल्या.

बाई ओरडल्या, "अरे, बिघडलेल्या आधी दाखव! त्यातूनच तो शिकतो."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी जनाक्का बॅटरी बघायला आल्या. हैबतीने बिघडलेल्या आधी दाखवल्या. "ही फुगली. ही जळाली. ही परवा उडाली, पत्र्याला भोक पडलं."

"अगं बाई! ह्याच्यावर माझी लस ठेवू?"

बाईंनी त्याला कोपऱ्यात घेतलं. "कुणी बघायला आलं की बिघडलेलं झाकायचं!"

"बरं बाई."

पुढे बाई कोल्हापूरला गेल्या आणि तालुक्याचे साहेब संगणक बघायला आले. हैबतीने संगणकातल्या बिघडलेल्या बॅटऱ्यांच्या सगळ्या नोंदी पुसल्या. एक बॅटरी धुमसत होती, तिच्यावर पोतं टाकलं.

साहेब खोकले. "मूर्खा, धूर दिसला की वाळू टाकायची!"

"बरं साहेब."

आता संगणकाला बिघाड म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. समोरच्या फुगलेल्या बॅटरीला त्याने बारा वर्षं दिली. साहेबांनी बॅटरीकडे पाहिलंच नाही. पडदा पाहिला आणि खोकत खोकत मंजुरी दिली. "उद्याच बसवा. मीच उद्घाटन करतो."

उद्घाटनाला बाई थेट गाडीतून उतरून आल्या. साहेबांनी फ्रिजसमोर उदबत्ती लावली. धूर निघाला. हैबतीने वाळूची बादली उपडी केली. वाळू पेढ्यांवर, नारळावर आणि साहेबांच्या डोक्यावर.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, कसला धूर आहे ते आधी संगणकाला तरी विचारायचं!"

"बरं बाई."

साहेब डोकं झटकत गेले. बाई त्यांची समजूत काढायला मागोमाग धावल्या. दुपारी वीज गेली. फ्रिज बॅटरीवर आला. बॅटरी टम्म फुगली आणि भसाभसा धूर सुटला.

जनाक्का ओरडल्या, "वाळू टाक रे मुडद्या!"

"थांबा आक्का, विचारतोय." बादली एका हातात, संगणकाला जोडलेला मोबाइल दुसऱ्या हातात. संगणकाने लगेच उत्तर दिलं. हैबतीने बादली खाली ठेवली, तिच्यावर झाकण लावलं आणि त्यावर बसला.

जनाक्कांनी लशीचा डबा काखोटीला मारला आणि दाराबाहेर धूम ठोकली.

धुरातून हैबतीचा आवाज आला, "आक्का, पळताय कशाला? अजून बारा वर्षं आहेत!"