मोहरीचं थोरलं करडू

“प्रेम कमी पडलं का हो आमचं, बुवा? तुम्हीच सांगा, कुठं कमी पडलं?”

निशिकांत चौबळ गोठ्याच्या दारात उभा राहून विचारत होता. त्याच्या हातात टर्किश टॉवेल होता आणि टॉवेलात एक तांबूस करडू, त्याच सकाळी जन्मलेलं.

आनंदगिरी बुवांचा एक पाय अजून जीपमध्येच होता.

“आधी प्यायला पाणी दे,” बुवा म्हणाले. “प्रेमाचं मग बघू.”

जीप निशिकांतनंच पाठवली होती, आनंदाच्या भरात. “बुवांना घेऊन या, आशीर्वादाला या म्हणावं, आमच्या शेतावरचा पहिला जन्म आहे!” असा निरोप देऊन. पण मठात जाऊन जीप परत येईपर्यंत इथलं चित्रच पालटलं होतं.

भोरच्या पलीकडे चौबळांची दीड एकर जागा. हौसेची शेती. शेळ्या, कोंबड्या, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्यांवर धावून जाणारी दोन बदकं आणि कुणालाच नको असलेलं एक म्हातारं गाढव. पुण्याचं घर विकून निशिकांत, त्याची बायको मेधा आणि लेक गार्गी इथं राहायला आले होते. शेळ्यांना उन्हाळ्यात टेबलफॅन असे आणि गाढवाला थंडीत शाल.

दर गुरुवारी निशिकांत मठात जाई. “भूतमात्रांवर प्रेम करा असं तुम्ही नुसतं सांगता, बुवा,” तो म्हणे. “आम्ही करून दाखवलंय.”

“छान,” बुवा म्हणत आणि शेंगा सोलत बसत.

तर त्या सकाळी मोहरी व्यायला लागली. मोहरी म्हणजे त्यांची लाडकी शेळी. काय धांदल उडाली घरात! गार्गी तोंडात ब्रश तसाच ठेवून अंगणभर ओरडत धावली. मेधानं गॅसवर दोन पातेली पाणी चढवलं, कशाला ते तिलाही माहीत नव्हतं. तांबूस करडू गवतावर पडलं मात्र, निशिकांतनं ते उचललं आणि थेट घरात आणलं.

मग कोमट पाण्यानं आंघोळ. लहान मुलांचा साबण. हेअर ड्रायर. अंगभर पावडर. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून कपाळाला काजळाची तीट. सगळ्या नातेवाइकांना फोटो.

इकडे मोहरी गोठ्यात ओरडत होती. तिचा आवाज ड्रायरमध्ये कुणाला ऐकू आला नाही.

त्या गडबडीत तिला दुसरं झालं. काळं. ते कुणी उचललं नाही, कारण ते झालेलं कुणाला कळलंच नाही.

आणि आता ते काळं करडू आईच्या कासेला झटत होतं. तांबूस मात्र जवळ नेलं की मोहरी त्याला डोक्यानं उडवून लावत होती. बाटलीला ते तोंड लावेना. कासेला हात लावायला गेलं तर मोहरी लाथ मारी. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, आईचा पहिला चीक दुपारच्या आत पोटात गेला पाहिजे, नाहीतर करडू जगेल असं सांगता येणार नाही.

करडाची मान टॉवेलाबाहेर लोंबायला लागली होती.

बुवा पाणी प्यायले. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“दाखव.”

निशिकांतनं करडू मोहरीपुढे ठेवलं. ते कसंबसं उभं राहिलं, दोन पावलं टाकली... मोहरीनं डोकं खाली घालून त्याला धडक दिली. करडू आडवं झालं.

गार्गी रडायला लागली. निशिकांतनं झेप घालून करडू उचललं.

“असं कसं करते ही? आमचं बाळ आहे हो ते!”

“कुणाचं?” बुवांनी विचारलं.

“आमचं. आमच्या घरातलंच माणूस समजा.”

“मग पाज.”

निशिकांतनं लोंबणारी मान टॉवेलात घेतली.

...

“बुवा, तुम्ही काहीतरी करा,” मेधा म्हणाली. “अंगारा द्या, मंत्र म्हणा.”

“मला शेळ्यांतलं काही कळत नाही, मेधा.” बुवांनी करडू हातात घेतलं, नाकाजवळ नेलं आणि तसंच निशिकांतच्या नाकाजवळ धरलं. “हुंग.”

“पावडरीचा वास आहे. छान येतोय.”

“आता ते काळं हुंग.”

काळ्या करडाच्या अंगावर काड्या चिकटल्या होत्या, केस ओले, चिकट. निशिकांतनं खाली वाकून वास घेतला आणि झटकन मान मागं घेतली.

“कसा आहे?”

“घाण... म्हणजे, शेळीचा.”

बुवांनी करडू गवतावर बसलेल्या मेधाच्या ओटीत ठेवलं.

मेधानं वाकून हुंगलं. तिचा हात तोंडावर गेला.

“अहो!” ती ओरडलीच. “गार्गी झाली तेव्हा मला धड दिसतही नव्हतं. मी तिचं डोकं नुसतं हुंगत बसले होते... मोहरीला कळतच नाहीये हो, हे हिचं आहे म्हणून! हिनं याला पाहिलंय कुठं? आपण तिला चाटूसुद्धा दिलं नाही!”

ती उठली. करडावरचा टॉवेल तिनं लांब फेकला. मोहरी जिथं व्याली होती तिथलं ओलं गवत मुठीत घेतलं आणि करडाच्या पाठीवर चोळायला लागली.

“अगं, अगं, काय करतेस!” निशिकांत मध्ये पडला. “तिथं सगळं पडलंय, रक्त, पाणी... जंतू असतील त्यात!”

“जंतूंवर नाही वाटतं प्रेम तुझं?” बुवा म्हणाले.

गार्गी रडता रडता खुदकन हसली.

निशिकांत कानापर्यंत लाल झाला. मग पांढऱ्या लेंग्यासकट गवतात गुडघे टेकून तोही दोन्ही हातांनी चोळायला लागला. तीट गेली. पावडर गेली. तासभर खपून केलेलं सगळं तो स्वतःच्या हातानं पुसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

करडू पुन्हा मोहरीपुढे ठेवलं.

मोहरीनं नाक पुढे केलं. हुंगलं... आणि डोकं खाली घातलं.

“नको, नको!” निशिकांत धावला.

“सगळे बाहेर,” बुवा म्हणाले.

“मी थांबतो ना. पडलं तर धरायला कुणी नको?”

“तू सगळ्यांच्या आधी बाहेर.”

बुवांनी गोठ्याचं दार ओढून घेतलं. निशिकांत खिडकीकडे वळला, तर बुवा त्याच्याआधी तिथं जाऊन पाठ टेकून उभे राहिले. भगवी कफनी खिडकीभर झाली.

“एकदाच बघतो, बुवा.”

बुवांनी डोळे मिटून घेतले.

...

आत काहीतरी धपकन पडलं. निशिकांतनं मेधाचा हात घट्ट धरला. गार्गीनं ओढणी तोंडात कोंबली. बदकंसुद्धा तेवढ्यापुरती गप्प उभी होती.

...

मग आतून एक आवाज आला. घशातल्या घशात, अगदी हळू, थरथरता. म्हँऽहँ... म्हँऽहँऽहँ... मोहरी चाऱ्यासाठी ओरडे, रुसली की ओरडे, बदकांवर खेकसे. तो हा आवाज नव्हता. कुणीच तो तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

एक कोवळं, चिरकं ओरडणं आतून उठलं. त्याला परत तोच हळू आवाज.

मग नुसतं चुटुक चुटुक.

बुवा खिडकीवरून बाजूला झाले.

मोहरी तांबूस करडाची पाठ चाटत होती. करडाचं तोंड कासेत होतं आणि इवलीशी शेपटी अशी काही गरगरत होती की आता तुटून पडते की काय!

“पितंय! बाबा, पितंय!” गार्गीनं उडी मारली ती बादलीत. पाणी सगळ्यांच्या अंगावर. मेधा हसत होती, रडत होती, गार्गीचे मुके घेत होती. बदकं कलकलाट करत सुटली, गाढवानं सूर लावला. निशिकांतनं बुवांचे पाय धरले, तशाच बरबटलेल्या हातांनी.

“जगलं, बुवा! जगलं! मला तर वाटलं होतं... जाऊ दे! आता याचं नाव तुम्हीच ठेवायचं. तुमच्याच तोंडून निघालं पाहिजे. सांगा, काय ठेवू?”

“उशीर केलास,” बुवा म्हणाले.

“म्हणजे?”

बुवा जीपकडे निघाले होते. पायावर उमटलेले हातांचे ठसे त्यांनी पुसले नाहीत.

“त्याच्या आईनं ठेवलं. मघाशी हाक मारली, ती ऐकली नाहीस?”