बांगड्यांचं झुंबर

चूक आमच्या बापाची होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी नशिबाला नाहीतर बुवाला धरायला नको.

"...पण मग कमी काय आहे त्या खोलीत?" बाप विचारत होता. "आपण स्वतः बघा, बुवा, आणि सांगा. पोर झोपत का नाही तिथं?"

बुवा दाराबाहेर पाय धूत होता. दोन्ही पाय धुवून झाल्यावर त्यानं विचारलं.

"कुठं झोपते?"

"स्वयंपाकघरात. ओट्याखाली, चटईवर."

"मग झोपते की."

बाप हसला. गुरूनं काही म्हटलं की हसायचं असतं, नाहीतर डोळे मिटायचे असतात. बापाला दोन्ही यायचं.

बुवा म्हणजे चिंधीबुवा. नदीपलीकडच्या पडक्या मठात एकटा राहायचा. घरोघरच्या चिंध्या मागायचा आणि त्या जोडून शिवलेली कफनी घालायचा. बाप दर गुरुवारी त्याच्यापुढं जाऊन बसायचा. मला बुवा कधी फार मोठा वाटला नाही. बिड्या ओढायचा. चहात साखर कमी पडली की तोंड वाकडं करायचा. समोरचा माणूस रडकुंडीला आला तरी एखादा शब्द टाकून गप्प बसायचा, आणि लोक त्या गप्प बसण्याला ज्ञान म्हणायचे.

बाप चित्रकलेचा मास्तर. भोईटे सर. टाकाऊतून टिकाऊ, हा त्याचा हातखंडा. शाळेच्या प्रदर्शनात दारातलं पहिलं टेबल त्याचं. मी डिप्लोमा मधेच सोडला तेव्हापासून तो मलाही टाकाऊतच धरतो. फक्त माझं काय बनवावं, एवढं त्याला अजून सुचलेलं नाही.

आई पावसाळ्यात गेली. दवाखान्यात चालत गेली आणि झाकून परत आली. माझी बहीण मैना तेव्हा सहा वर्षांची. तिला आदल्या दिवशीच मावशीकडं धाडलं होतं. लहान आहे, नको दाखवायला, असं मोठ्या माणसांनी ठरवलं. मोठी माणसं असलंच ठरवतात. ती परत आली तेव्हा घर पुसून लख्ख केलेलं होतं आणि आई नव्हती.

बापानं सुतक पाळलं नाही. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, म्हणाला. आठवडा उलटायच्या आत खडू-फळा. डोळ्यांत टिपूस नाही.

"सर किती धीराचे," लोक म्हणाले.

बापाला ते आवडलं. मग तो तसाच राहिला.

आणि मग त्यानं ती खोली हातात घेतली.

"असे या, बुवा. डोकं सांभाळा, कमान जरा खाली आलीय."

खोली आधी आई-बापाची होती. आता परीमहाल होता. जुन्या बाजारातून आणलेला शिसवी पलंग, त्याच्या चारी खांबांवर तेलाचे डबे कापून केलेले बुरूज. भिंतीवर राक्षसी पाखरू... मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे पंख, ओरखडे पडलेल्या सीडींचे खवले. अंड्यांच्या ट्रेचे ढग. सायकलच्या जुन्या टायरमधून बाहेर डोकावणारी यक्षीण. छताला निळं, हिरवं, जांभळं आकाश, त्यावर सोनेरी रंगाच्या चांदण्या.

खोली सुंदर होती. उगाच नाव ठेवणार नाही. त्याचाच तर जास्त राग येतो.

"एक वस्तू नवीन नाही, बुवा. खिळासुद्धा जुना, ठोकून सरळ केलेला."

बुवा पलंगाच्या कडेला टेकला. वर बघितलं.

"हे आकाश?"

"साड्या. तिच्या. कपाटात नुसत्या पडून होत्या."

बुवानं लोंबणारं एक टोक चिमटीत धरलं. नाकाशी नेलं.

"साबणाचा वास येतोय."

"धुतल्या ना. चांगल्या सोड्यात उकळून. नाहीतर रंग धरत नाही."

बुवानं टोक सोडून दिलं.

"पोर काय म्हणते?"

"काय म्हणणार! आई सकाळी ओट्यापाशीच येते म्हणे. मी इथं झोपले तर तिला दिसणार नाही म्हणे." बापानं हात झटकले. "किती सांगितलं, आई परीराज्यात गेली. म्हणून तर ही खोली केली. आई इथंच आहे असं समज, म्हटलं."

"मग?"

"तिनं उंबऱ्यावरून एकदा आत बघितलं. 'इथं नाही,' म्हणाली. गेली परत."

मी चहा आणायला गेलो.

स्वयंपाकघरात मैना ओट्याखाली बसून चटईच्या काड्या उसवत होती. मी गॅस पेटवला तशी तिनं मान वर केली. मी आहे हे बघून पुन्हा खाली घातली. तिची ही सवय झाली होती. ओट्यापाशी कोणीही आलं की आधी पाय बघायची.

"साखर जास्त टाक," ती म्हणाली. "बुवा आलाय ना."

"तू चल की त्याला बघायला. कसली कफनी घातलीय बघ."

"नको. इथं कोणीतरी पाहिजे."

मी चहा घेऊन परत आलो तेव्हा बाप खोलीच्या मधोमध उभा होता. त्याच्या डोक्यावर छतापासून काहीतरी टांगलेलं, जुन्या पडद्यात गुंडाळलेलं.

ते त्यानं त्याच सकाळी टांगलं होतं. स्टूल मी धरलं होतं. आत काय आहे ते मला दिसलं होतं. "ह्या नकोत," मी म्हणालो होतो. "मावशीनं मागितल्यात. सवाष्णीला द्यायच्या असतात."

"तुझा अभिप्राय कोणी मागितला?" बाप म्हणाला होता. "आधी स्वतःचं काहीतरी पूर्ण करून दाखव."

आता तो बुवाला समजावत होता. वर्गात समजावतात तसं, बोट वर करून.

"फार विचार केला, बुवा. रंग आहे, उजेड आहे, आकार आहेत. मग राहिलं काय? मग लक्षात आलं... खोलीला आवाज नाही. परीराज्य मुकं कसं असेल? म्हणून हे केलं. आपल्या हातानं उघडा. आज खोली पूर्ण झाली."

बुवानं बशीत चहा ओतला. फुंकर मारली.

"तूच उघड. तुझी खोली आहे."

बापानं पडदा ओढला.

सायकलची रिम, आणि तिच्यापासून दोऱ्यांनी लोंबणाऱ्या बांगड्या. हिरव्या, लाल, मोरपंखी, सणावाराला भरलेल्या, माहेराहून आलेल्या. आईचा अख्खा डबा. खिडकीतलं ऊन त्यांच्यातून भिंतीवर पडलं आणि सीडींचे खवले चमकायला लागले.

"ऐका फक्त," बाप म्हणाला, आणि त्यानं रिमला टिचकी मारली.

आमच्या घरात सकाळ त्याच आवाजानं व्हायची. आधी बांगड्या, मग भांडी, मग आई.

स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. पाय धावत आले.

मैना दारात थांबलीच नाही, ती सरळ आत आली. जिथं एकदाही पाय ठेवला नव्हता त्या खोलीत. तोंड लाल झालेलं. तिनं आम्हा तिघांकडं बघितलंच नाही. पलंगाकडं बघितलं. पलंगाखाली वाकून बघितलं. दार ओढून दाराच्या मागं बघितलं. यक्षिणीचं टायर जरा हलवलं.

मग ती नुसतीच उभी राहिली. एवढ्यात बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

ती परत गेली. सावकाश. जाताना कान स्वयंपाकघराकडं लावलेला, म्हणजे आपण इकडं आलो आणि तिकडं काही हुकलं तर.

"बघितलं?" बापाचा आवाज चिरकला. "बघितलंत, बुवा? स्वतःहून आली! इतके महिने सगळे हात जोडून थकले. मी म्हणत नव्हतो, एवढंच राहिलं होतं!"

"पप्पा," मी म्हणालो.

"तू गप्प बस."

बुवानं एका हातानं बशी सांभाळली. दुसरा हात वर करून बांगड्यांत घातला आणि त्या मुठीत धरल्या. अजून जराशा हलत होत्या त्यासुद्धा निपचित झाल्या.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. नेहमी त्याच्या हाकेला बाप खिडकीशी धावतो. आज धावला नाही.

"बुवा... हात काढा ना."

"कशाला?"

"पुन्हा वाजवतो. येईल ती."

"येईल."

"मग?"

"मास्तर, राहू दे."

"एकदाच. आत्ता तर कुठं पाय ठेवलाय तिनं. लोखंड तापलंय तोवर..."

"राहू दे म्हणतो मी."

"एकदाच, बुवा. आपण गुरू आहात, पण पोर माझी आहे."

बुवानं त्याच्याकडं बघितलं. मग हात काढून घेतला. का काढला, ते त्यालाच विचारा. मी असतो तर सोडला नसता. पण ह्या लोकांचं असंच असतं. दोनदा सांगायचं आणि मग समोरच्याला खड्ड्यात जाऊ द्यायचं, त्याला शिकवण म्हणायचं.

बापानं ह्या वेळी टिचकी नाही मारली. रिमला धरून चांगली गरागरा फिरवली. आई पोळ्या लाटायची तेव्हासुद्धा इतक्या वाजत नव्हत्या.

धावत कोणी आलं नाही.

बाप दाराकडं बघत राहिला. पुन्हा फिरवली.

मग मैना आली. चालत. उंबऱ्याशी थांबली. ह्या खेपेला तिनं पलंगाखाली बघितलं नाही, दारामागं बघितलं नाही. आवाज जिथून येत होता तिथं बघितलं. मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून, एकेक बांगडी.

"ह्या आईच्या आहेत," ती म्हणाली.

"हो गं राणी! सगळ्या आईच्याच!" बाप गुडघ्यांवर बसला. "ती मोरपंखी बघ, तुझ्या बारशाची. आणि त्या हिरव्या... आवडलं? पप्पांनी केलं. तुझ्यासाठी."

"सगळ्या?"

"सगळ्या. एकसुद्धा टाकली नाही."

मैनेनं आईच्या बांगड्यांच्या डब्याएवढा आकार हातानं केला, हवेत, आणि झुंबराकडं बघून मनातल्या मनात भरून बघितला. आमच्या आईला एकही बांगडी न घालता ओट्यापाशी येताना कोणी पाहिलं नव्हतं. तापातसुद्धा नाही.

"मग आई काय घालणार?"

बाप हसला. बुवाकडं बघून हसला, माझ्याकडं बघून हसला. मग त्याला हसू धरून ठेवता येईना.

बुवा चहाच्या बशीत बघत होता.

मैना उत्तरासाठी थोडी थांबली. मग गेली. स्वयंपाकघरात चटई ओढल्याचा आवाज आला. ती आली तेव्हा काखेत उशी होती आणि चटई मागून फरफटत होती. चटई तिनं भिंतीशी नीट गुंडाळून उभी केली. पलंग उंच होता, चढायला तिनं हात मागितला नाही. बुरुजांच्या मधे, साड्यांच्या आकाशाखाली, भिंतीकडं तोंड करून ती आडवी झाली.

भर दुपार होती. तिनं डोळे मिटून घेतले.

वर बांगड्या अजून जराजरा वाजत होत्या. तिची मान हलली नाही.

बाप चवड्यांवर पलंगाशी गेला. वाकून बघितलं. परत आला तेव्हा डोळे भरलेले होते. मी त्याचे डोळे भरलेले पहिल्यांदा बघत होतो, आणि ते आनंदानं भरले होते.

"झोपली," तो कुजबुजला. "बुवा, झोपली! खोली लागू पडली तिला... आता काही कमी नाही ना? सांगा ना, बुवा. आता काय कमी आहे?"

बुवानं बशी खाली ठेवली. चहा तसाच होता, साय धरलेला. साखर जास्त टाकली होती, तरी. आमच्या घरचा चहा टाकून तो उठलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यानं काठी घेतली. कमानीखाली डोकं वाकवलं. पाण्याचा तांब्या पुढं केला तर तोही घेतला नाही.

दाराबाहेर पडून, मागं न बघता, तो थांबला.

"आज गेली तुझी बायको, मास्तर," तो म्हणाला. "आंघोळ करून घे."