पाण्याची गोडी

मनाचे व्यापार शिकवणाऱ्या एका वृद्ध आचार्यांनी एकदा आपल्या शिष्याला विचारले, "नुसत्या शब्दाने पाण्याची चव बदलते का?"

शिष्याने आश्रमातल्या एका शांत खोलीत एकाच विहिरीच्या पाण्याचे दोन माठ मांडले. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगे, "हे विहिरीचे, आणि हे डोंगरावरच्या झऱ्याचे." बहुतेकांना झऱ्याचे म्हणून दिलेले पाणी गोड लागले. पण खोलीत बोलावलेल्या माणसाला आपली पारख चालली आहे हे ठाऊक असते; तो मनातले बोलतो कशावरून? म्हणून शिष्याने तेच माठ आठवडी बाजारात नेऊन पाणपोई थाटली. तिथेही तो तेच सांगे, पण ही पारख आहे याची कुणाला कल्पना नव्हती. तरीही लोकांनी झऱ्याचेच पाणी वाखाणले. शिष्य आनंदाने परतला.

पुढच्या बाजारी आचार्य स्वतः पाणपोईपाशी जाऊन उभे राहिले आणि आल्यागेल्याला सांगू लागले, "दोन्ही माठांत एकाच विहिरीचे पाणी होते. आम्ही तुम्हाला खोटे सांगितले." शिष्य ओशाळला. उत्तर तर मिळाले होते. मग गुरुजींनी आपली अशी शोभा का करून घ्यावी?

लोक हसून पुढे गेले. तान्हुबाई नावाची कुंभारीण मात्र थांबली. तिच्या हातात रिकामी कळशी होती.

"मागच्या बाजारी मी ते झऱ्याचं पाणी घरी नेलं," ती म्हणाली. "धनी अंथरुणाला खिळलेत. पाणी प्याले अन् शांत झोपले. मला वाटलं, गुण आला. कालपासून वैद्याचा काढा बंद केलाय मी."

शिष्याचा चेहरा उतरला. आचार्यांनी हात जोडले. "माय, काढा आजच सुरू करा. चूक आमची आहे."

"मग झोप कशानं लागली त्यांना?"

"ते मला अजून कळलेले नाही."

तान्हुबाईने कळशी कमरेवर घेतली. मग शिष्याला म्हणाली, "विचारून पाजलं असतंस, तरी प्याले असते मी, लेकरा." आणि ती लगबगीने घराकडे वळली.

परतताना आचार्य म्हणाले, "प्रयोग बंद खोलीतला असो, भर बाजारातला असो, की दुष्काळात माणसे कशी वागतात हे पाहण्यासारखा दैवानेच मांडलेला असो, प्रत्येक वेळी कुणीतरी आपल्याला स्वतःच्या मनात डोकावू देते. ते दान आहे. देणाऱ्याला आपण काही दिले हे ठाऊकही नसेल, तर घेणाऱ्यावरचे ऋण अधिकच वाढते. निदान खरे सांगावे आणि आभार मानावेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य एकटाच कुंभारवाड्यात गेला. चुलीवर काढा उकळत होता. आतून धन्याचे खोकणे आणि त्याला रागावणारा तान्हुबाईचा आवाज ऐकू येत होता. ती बाहेर आली. आजवर केवळ गुरूपुढे वाकलेला तो विद्यार्थी तिच्यापुढे वाकला.