मोडलेला नेम

एकदा एक तांबट खांद्यावर गाठोडे टाकून नदीपलीकडच्या आश्रमात आला आणि तेथील वृद्ध आचार्यांच्या पायांवर डोके ठेवून बराच वेळ तसाच पडून राहिला. अंताजी त्याचे नाव. त्याच्या हातची तांब्याची घागर पंचक्रोशीत नावाजलेली होती. पत्र्यावर हातोडीचे ठोके देताना त्याचा एकही ठोका वाकडा पडत नसे. वाकडे पडे ते त्याचे पाऊल, आणि तेही गुत्त्याच्या दिशेने.

दारू सोडण्याचे त्याने मनावर घेतले नव्हते, असे नाही. कुलदैवतापुढे भंडारा उचलून, मुलीच्या मस्तकावर हात ठेवून, नदीच्या पाण्यात उभे राहून त्याने शपथा घेतल्या होत्या आणि प्रत्येक शपथ काही काळ निष्ठेने पाळलीही होती. मग एखाद्या सणाला किंवा लग्नघरी कोणी आग्रह करी, एक घोट पोटात जाई, आणि अंताजी स्वतःशीच म्हणे, ‘मोडलंच आता.’ त्यानंतर महिना महिना तो शुद्धीवर नसे.

अशाच एका दुपारी त्याने भट्टीतून काढलेले तापलेले भांडे अंगणातच ठेवले आणि ओसरीवर जाऊन आडवा झाला. खेळता खेळता मुलीने त्या भांड्याचा काठ धरला. तिचा तळवा भाजून निघाला. बायको गोदा त्याच्याशी भांडली नाही. मुलीच्या हाताला कोरफडीचा गर लावून, वर धुवट कापड बांधून ती माहेरी निघाली. अंताजी दारात आडवा आला आणि गयावया करू लागला, “या वेळी देवाची शपथ घेतो.”

“नका घेऊ,” गोदा म्हणाली. “तुम्ही शपथ घेता तेव्हाच मला धडकी भरते. ती तुटली की तुम्ही आमचे राहत नाही.”

हे सारे आचार्यांना सांगून झाल्यावर अंताजीने हात जोडले. “महाराज, मला असा नेम द्या, जो मोडणारच नाही.”

“असा नेम माझ्यापाशी नाही,” आचार्य म्हणाले. “आहे तो देतो. पहाटे स्नान करावं, औदुंबराखालच्या शिळेवर बसावं आणि सूर्य डोंगरावर येईपर्यंत नाम घ्यावं. मग दिवसभर आश्रमातली पोचे पडलेली भांडी नीट कर.”

“आणि खंड पडला तर?”

“तर मला येऊन सांग.”

एवढेच? काही प्रायश्चित्त, काही उपास, काहीच नाही? अंताजीला ते थोडे सैल वाटले. पण नेम त्याने कडकडीत पाळला. सुरुवातीला हात थरथरत, अंगाला दरदरून घाम येई, नाम घेता घेता गुत्त्याचा वास आठवे. तरी तो उठला नाही. हळूहळू हात स्थिरावले. जपाला बसले की त्याला वाटे, आता या नेमाला कुठे चीर नाही, कुठे डाग नाही. गोदेला हे दाखवता आले असते तर किती बरे झाले असते!

एके दिवशी पहाटे तो शिळेवर बसलेला असताना आचार्यांची हाक आली. “अंताजी, गाय सुटली रे. जा, धरून आण.”

अंताजी उठला. गाय काटेरी झुडपांतून ओढ्याच्या पलीकडे गेली होती. तिला वळवून गोठ्यात बांधेपर्यंत सूर्य डोंगराच्या बराच वर आला. त्याने रिकाम्या शिळेकडे पाहिले, आणि इतके दिवस गप्प असलेला तो जुना आवाज आतून म्हणाला, ‘मोडलंच आता.’ दुसऱ्या दिवशी तो स्नानाला उठला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आश्रमात दारू नव्हती, म्हणून तो कांबळे ओढून पडून राहिला, इतकेच.

काही दिवसांनी आचार्यांनी विचारले, “आज बसलास?”

“खंड पडला, महाराज. गाईपायी.”

“ते मी विचारलं नाही. आज बसलास का?”

महाराज रागावले नव्हते, समजूतही घालत नव्हते. दुसऱ्या दिवशी तो कुरकुरत शिळेवर जाऊन बसला. नेम पुन्हा लागला. जरा रंग भरू लागला, तोच पुन्हा हाक आली. गाय सुटली होती.

असे वारंवार होऊ लागले. दावे त्याने स्वतः तपासले, ते चांगले मजबूत होते. खुंटाही पक्का होता. मग गाय सुटते कशी, आणि नेमकी जपाच्या वेळीच कशी? दर्शनाला येणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याने हे सांगितले. व्यापारी डोळे मिटून म्हणाला, “परीक्षा आहे ती. थोरांचं सगळं परीक्षाच असतं.” स्वयंपाकघरातल्या काकूंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “गुरं ती. त्यांना काय कळतंय तुझं जपतप?” अंताजीला यातले काहीच पटले नाही. नेम मोडला की तो चिडे, एखादा दिवस पडून राही, मग काही सुचेनासे झाले की पुन्हा बसे. आपण का बसतो, हेही त्याला नीट सांगता आले नसते.

मग एका पहाटे त्याने गोठ्याशी हालचाल झालेली पाहिली. जप थांबवून तो पाहत राहिला. आचार्य काठी टेकत आले, गाईच्या मानेवरून हात फिरवला, सावकाश दावे सोडले, आणि तिच्या पाठीवर थाप मारून तिला बाहेर हाकलले. मग शिळेकडे वळून ते नेहमीच्याच स्वरात म्हणाले, “अंताजी, गाय सुटली रे.”

ज्याने नेम दिला, तोच तो मोडत होता. अंताजीने खोलीतून गाठोडे उचलले आणि तो थेट नदीवर गेला. नाव पलीकडच्या काठाला होती आणि नावाडी कोणाची तरी वाट पाहत बसलेला दिसत होता. अंताजी वाळूत बसला. डोक्यात नुसता गोंधळ. घरी जावे, तर घरी कोण होते? गुत्ता मात्र पलीकडे नावेतून उतरल्यावर वाटेतच होता. त्या विचाराने तो इतका घाबरला, की गाठोडे मांडीवर घट्ट धरून डोळे मिटून बसला. सूर्य केव्हाच वर आला होता. स्नान झाले नव्हते, शिळा नव्हती. तरी ओठ हलत होते.

डोळे उघडले तेव्हा आचार्य शेजारी येऊन बसले होते.

“महाराज, गाय तुम्हीच सोडत होता,” अंताजी म्हणाला.

“हो.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

“का? मी तर नेम पाळत होतो.”

आचार्य म्हणाले, “बाळ, पहिल्यांदा गाय सुटली तेव्हा तू कांबळं ओढून किती दिवस निजून होतास, आठवतं? नंतर एकच दिवस. परवा तर गाय बांधून झाल्यावर भर दुपारी बसलास. आणि आज माझ्यावर रागावून, आश्रम सोडून निघालास, तरीही वाळूत बसलास. तू माझ्याकडे न मोडणारा नेम मागितलास. संसारी माणसाचा नेम मोडतो. घरात दुखणं येतं, सुतक येतं, मित्र हात धरतो, मन एखाद्या वेळी कच खातं. तुझं घर काही त्या एका घोटानं मोडलं नाही. त्या घोटानंतर ‘आता काय उरलंय’ म्हणून तू जो महिना वाया घालवलास, त्यानं मोडलं. नेम पाळायला तू आपोआप शिकला असतास. मला तुला मोडल्यानंतर परत यायला शिकवायचं होतं. आणि मोडल्याशिवाय ते कसं शिकवणार?”

अंताजी गोंधळून म्हणाला, “मग नेमाला अर्थ काय उरला? मोडून परत येता येतं म्हटल्यावर माणूस रोजच मोडेल.”

“मोडायला मी तुला शिकवलं नाही,” आचार्य म्हणाले. “ते तुला येतच होतं.”

नाव अलीकडच्या काठाला लागली. अंताजीला सारे उमगले होते असे नाही. पण तो नावेत बसला नाही. गाय अजून ओढ्यापलीकडे असेल, एवढे त्याच्या लक्षात आले आणि तो तिला आणायला गेला.

पुढे काही महिन्यांनी तो घरी परतला. भट्टी पेटवली, पहाटेचा नेम चालू ठेवला, कामही मिळू लागले. गोदेकडे मात्र तो गेला नाही. काय तोंड घेऊन जावे, ते कळत नव्हते. नेम आणखी मुरू दे, मग जाऊ, असे म्हणता म्हणता शिमगा आला. होळीपुढे आळीतल्या सोबत्यांनी त्याला घेरले, कोणी हातात पेला दिला, आणि अंताजी प्यायला.

अर्धा पेला पोटात गेल्यावर तोच आवाज आला. ‘मोडलंच आता.’ अंताजी पेल्याकडे पाहत उभा राहिला. आवाज खोटे बोलत नव्हता. नेम मोडलाच होता. त्याने पेला खाली ठेवला. सोबती हसले, कोणी पुन्हा आग्रह केला. “आज एवढंच,” असे म्हणून तो घराकडे चालू लागला. त्याला जिंकल्यासारखे मुळीच वाटत नव्हते. लाज वाटत होती, घसा जळत होता, आणि मागे वळावेसे दर पावलाला वाटत होते.

सकाळी स्नान करून तो जपाला बसला. मन ठिकाणावर नव्हते, तरी बसला. मग उठून थेट गोदेच्या माहेरच्या गावाची वाट धरली.

गोदा अंगणात धान्य पाखडत होती. तिने मान वर करून पाहिले आणि सूप हातातच राहिले.

अंताजी दूरच उभा राहिला. “काल प्यायलो,” तो म्हणाला. “अर्धा पेला. आज प्यायलो नाही. मधले काही महिने प्यायलो नव्हतो.”

इतक्या वर्षांत तो प्यायल्याचे गोदेला वासावरून कळे, शेजाऱ्यांकडून कळे. त्याने स्वतः येऊन सांगितले, असे कधी घडले नव्हते. यावर रडावे, रागवावे की आणखी काही करावे, हे तिलाही समजेना.

“हे सांगायला एवढं चालत आलात?” तिने विचारले.

“हो.”

“बसा. भाकरी खाऊन जा.”

ती त्याच्याबरोबर लगेच आली नाही. पुढेही तो अधूनमधून जात राहिला, जसे असेल तसे सांगत राहिला. पेरण्यांच्या आधी गोदा मुलीला घेऊन घरी आली.

त्यानंतर अंताजीचा नेम कधीच मोडला नाही, असे त्या गावात सांगतात. ते खरे नसावे. गोदा मात्र विचारणाऱ्याला एवढेच सांगत असे, की मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते जपाच्या जागेवर बसलेले असत.