पुतळाक्काचा दिवा

वाघजाळीच्या डोंगरावर बैलगाडीही चढत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे पुतळाक्का नावाची विहीर खणणाऱ्याची लेक राहायची. चिंचेखाली ती गावची चिल्लीपिल्ली जमवी. हातात पाटी नाही की पुस्तक नाही. चवळी उलटी पेरली तरी कोंब वरच कसा येतो, काठीच्या सावलीवरून दुपार कशी ओळखायची, हे ती पोरांच्याच हातांनी करवून घेई. म्हणायची, "माझं ऐकू नका रे, करून बघा." तिच्या हातातला दिवा वाऱ्यातही विझत नसे, असं म्हणतात.

तिचा धाकटा भाऊ भिवा. अंगात जोर, डोक्यात घाई. चिंचेखाली तो एक दिवसही बसला नाही. गावासाठी बहीणभाऊ विहीर खणत होते. तीस हात खोल गेली, तरी पाणी लागलं नाही. पावसाळ्यात काम थांबलं आणि आत पाला पडून कुजला. उघडीप होताच आक्का म्हणाली, आधी दिवा सोडू. भिवा तोवर दोर धरून उतरलाही होता.

तळाशी तो कोसळला. आक्का मागोमाग उतरली, कमरेचा दोर सोडून तिनं त्याला बांधलं आणि वर हिसका दिला. काठावरच्यांनी ओढलं, भिवा वर आला. आक्का आली नाही; दुसऱ्या दिवशी गळ टाकून तिचा देह तेवढा वर काढला. तिच्या दिव्याची वात सात दिवस तळाशी तांबूस दिसत होती, असं म्हणतात.

गावानं ठरवलं, ती जागा आसरांची, पाण्यातल्या देवतांची आहे. पोरांना नसते खेळ शिकवले, म्हणून त्यांनी तिला नेलं. पाटलांनी सोमवारी विहीर बुजवायचं सांगितलं. भिवा पहार घेऊन त्यांच्या दारात गेला. चौघांनी धरला म्हणून बरं. मग तो चिंचेखाली जाऊन बसला, पहिल्यांदाच. पोरं तिथंच होती. सात वर्षांच्या गोदीनं त्याला बुंध्याजवळचा रांजण दाखवला. आक्कानं त्यात पाला भरून, तोंड बांधून ठेवलं होतं. भिवानं तोंड सोडून दिवा आत सोडला. तो विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला.

"दिवा विझतो तिथं माणूसही विझतो. हेच मला सांगत होती ती," भिवा म्हणाला.

"मामा, रडू नकोस," गोदी म्हणाली. "अजून अर्धंच झालंय."

तिनं कडुलिंबाची डहाळी रांजणात वरखाली घुसळली, बराच वेळ. मग दिवा सोडला. तो जळत राहिला.

सोमवारी लोक दगड घेऊन आले, तर विहिरीवर पोरं बसलेली आणि मधोमध आक्कानंच भरून ठेवलेला दुसरा रांजण. गोदीनं विहिरीत दिवा सोडला. अर्ध्यावर विझला. बघा, आसरा, असं लोक कुजबुजले. गोदीनं मग त्या रांजणाचं तोंड सोडून त्यातही दिवा विझवून दाखवला.

"पाटीलआजोबा, मग आसरा काय आमच्या रांजणात पण बसल्यात?"

कुणीतरी हसलं. पाटील हसले नाहीत, पण त्यांनी हातातला दगड खाली ठेवला.

मग भिवानं डहाळ्यांचा भारा मोटेच्या दोराला बांधला. पोरांनी ओढला, बायांनी ओढला, दुपारी पाटलांनीही ओढला. दिवस कलेपर्यंत विहीर घुसळली. दिवा चार वेळा विझला. पाचव्यांदा तळाला टेकला आणि जळतच राहिला.

"जाऊ का?" भिवानं विचारलं. उभ्या जन्मात त्यानं कुणाला असं विचारलं नव्हतं.

"जा," पोरं म्हणाली.

आक्का पडली होती तिथंच त्यानं पहार घातली. सातव्या घावाला पाणी फुटलं. दिवा पाण्यावर तरंगत भिवाबरोबर वर आला आणि वात भिजली नाही, असं म्हणतात.

वाघजाळीत आता नळ आहे. तरी दर उन्हाळ्यात त्या विहिरीचा गाळ काढतात. पंधरा दिवस आधी शाळेतली पोरं रांजणात पाला भरून ठेवतात. त्या दिवशी चौथीपर्यंतचं प्रत्येक पोर आपल्या हातानं दिवा विझवून बघतं आणि जगवूनही बघतं. मग विहिरीत दिवा सोडतात. उतरणारा सरपंच का असेना, काठावर थांबून पोरांना विचारतो, "जाऊ का?"

पोरं आधी आत वाकून ओरडतात, "आक्का, दिवा जळतोय." आणि मगच त्याला जा म्हणतात.