दर्यामाउलीची पांढरी भिंत

वेळकोंड बंदराचे भाग्य थोर, म्हणूनच साल्वादोर पाद्रीबाबांसारखे संतपुरुष तिथे आयुष्यभर राहिले. दर्याच्या काठीच त्यांचे दर्यामाउलीचे देऊळ, म्हणजे गावाचे चर्च. साडेतीनशे वर्षांच्या त्या देवळाची दर्याकडची भिंत म्हणजे कोळ्यांची वाट! ती नाकासमोर धरून होडी आणली, की खाडीच्या तोंडचे खडक आपसूक बाजूला राहत. पावसाळ्यात भिंत शेवाळाने काळी पडे. ती चुन्याने पांढरी झाल्याशिवाय होडी लोटायची नाही, असा गावाचा रिवाज होता.

त्या वर्षी चुन्याचा मान नातालीनकडे होता. तान्ह्या लेकीची झोळी ओवरीत टांगून ती कामाला लागे. अर्धी भिंत झाली नाही, तोच पास्कू तांडेलाने होडी काढली. नातालीनचा नवरा बस्त्याव त्याच होडीवर खलाशी.

"दोन दिस थांबा ना, मामा," ती काकुळतीने म्हणाली.

"चुन्यानं म्हावरं गावतं काय गो?" तांडेल खदाखदा हसला. "डोळे मिटून होडी आणीन मी!"

दुपारी वारा फिरला. आभाळ दर्याला टेकले. परतणारी होडी खडकांकडे भरकटताना दिसली. नातालीनचा एक डोळा झोळीवर, एक दर्यावर!

पाद्रीबाबा झग्याच्या बाह्या सारून शिडीवर चढले. "बाय, बादली दे."

"बाबा, पाऊस आलाच. ओला चुना धुऊन जाईल!"

"लावणं आपलं काम. राखणं माउलीचं," बाबा म्हणाले.

दोघांचे कुंचे भराभर चालले. सरीवर सरी कोसळल्या, पायऱ्यांवरून पाट वाहिले, पण त्यात चुन्याचा एक थेंब नव्हता! त्या काळवंडल्या दुपारी भिंत शंखासारखी झळकली. आणि होडीचे तोंड वळले, थेट भिंतीकडे!

होडी वाळूला लागताच बस्त्यावने लेकीकडे धाव घेतली. पास्कू तांडेल मात्र अडखळत देवळाशी आला. टोपी काढून त्याने बाबांच्या चुन्याने माखलेल्या पावलांवर डोके ठेवले.

"चुकलो, बाबा! डोळे उघडे असून काय दिसत नव्हतं. मग भिंत दिसली."

"मला काय सांगतोस? हिला सांग," बाबा म्हणाले.

नातालीनने ताठ मानेने भिंतीकडे बोट केले. "आमच्या देवळाची भिंत हाय ती, मामा. कुणाला बुडू देत नाय."

साऱ्या बंदरादेखत तांडेलाने तिच्यापुढे हात जोडून मान लवविली. कपाळाला लागलेला चुना त्याने पुसलासुद्धा नाही.